मनगटावरचं घड्याळ आणि खात्यातली शिल्लक

(एचएसआर लेआउट, बंगळूर येथे मराठी खातेदारांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्मार्टवॉच घेऊ नका, असं सांगायला मी आज आलेली नाही. माझ्या स्वतःच्या मनगटावर ते आहे. पण दिवाळीच्या तोंडावर शाखेत एक प्रसंग घडला, आणि तेव्हापासून या विषयावर तुमच्याशी बोलायचं मनात होतं.

आपल्या एक खातेदार ताई आहेत. मूळच्या भालकी तालुक्यातल्या, घरात मराठी बोलणाऱ्या. इथे सेक्टर दोनमध्ये चार घरी स्वयंपाक करतात. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी दरमहा हजार रुपयांची आवर्ती ठेव, म्हणजे आरडी, उघडली होती. आठ महिने एकही हप्ता चुकला नाही. नवव्या महिन्यात त्या काउंटरवर आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आरडी मोडायची आहे. आजच."

मला वाटलं घरी कोणी आजारी आहे. तसं नव्हतं. दहावीतल्या मुलाला सहा हजारांचं स्मार्टवॉच हवं होतं. मोबाइलवर ऑफर होती आणि तिच्याखाली उलटे आकडे पळत होते: इतके तास, इतकी मिनिटं शिल्लक. मुलगा दोन दिवस नीट जेवला नव्हता. ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या म्हणाल्या, "त्याच्या वर्गात सगळ्यांकडे आहे. मी लोकांच्या घरी भांड्याला हात लावते म्हणून त्याच्याकडे नाही, असं त्याला वाटू नये."

या वाक्यापुढे व्याजदराचं गणित फिकं पडतं, हे मला कळत होतं. तरी गणित करायला हवंच होतं. ते आम्ही दोघींनी बसून केलं. आज तेच तुमच्यासमोर मांडते.

घड्याळांचा शेजार

आपण राहतो त्या वसाहतीच्या नावातच घड्याळाचं गाव आहे. एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रोड. यातल्या होसूरला टायटनचा कारखाना आहे. टाटा समूह आणि तमिळनाडू औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून १९८४ मध्ये ही कंपनी काढली. त्याआधी १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने इथे बंगळुरात घड्याळांचा कारखाना सुरू केला होता. तुमच्यापैकी अनेकांच्या वडिलांना लग्नात किंवा नोकरी लागल्यावर मिळालेलं घड्याळ एचएमटीचंच असेल.

त्या काळी गिऱ्हाइकाला निवड फारशी नव्हती. घड्याळ हवं तर थांबा, नाहीतर चोरट्या मार्गाने आलेलं परदेशी घ्या. टायटनने क्वार्ट्झ घड्याळं, नवी रूपं आणि नीटनेटकी दुकानं आणली आणि चित्र बदललं. एचएमटीचा मुख्य भर चावीच्या घड्याळांवर राहिला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. स्पर्धेने गिऱ्हाइकाला निवड दिली आणि एका जुन्या कंपनीचं दुकान मिटलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. स्मार्टवॉचच्या बाबतीतही तसंच होतं आहे, फक्त वेग जास्त आहे.

तीन मतं

मागच्या बैठकीत या विषयावर इथेच वाद रंगला होता. एक तरुण इंजिनिअर म्हणाला, "स्पर्धेमुळेच स्वस्ताई आली. पंधराशेत घड्याळ मिळतं, यात वाईट काय?" घड्याळांचं दुकान चालवणारे एक काका म्हणाले, "मी घाऊक बाजारातून ज्या भावाने माल आणतो, त्याहून कमी भावाने ऑनलाइन विकतात. मी भाडं कुठून भरू?" आणि एका आजोबांनी हात वर करून आपलं एचएमटी दाखवलं, "हे माझ्या लग्नातलं. अजून चालतं. तुमचं किती चालतं ते सांगा."

तिघांचंही थोडं थोडं खरं आहे.

इंजिनिअरचं म्हणणं आकड्यांत दिसतं. बाजाराची पाहणी करणाऱ्या आयडीसी या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात ५ कोटी ३४ लाख स्मार्टवॉच बाजारात आली. आदल्या वर्षापेक्षा ही वाढ ७० टक्क्यांहून जास्त होती. नॉइज, फायर-बोल्ट, बोट अशा देशी नावांनी भाव खाली आणले. आधी बराचसा माल चीनमधून तयार येत असे. २०२२ च्या अर्थसंकल्पात अशा उपकरणांसाठी टप्प्याटप्प्याचं आयात शुल्क जाहीर झालं आणि इथे जोडणी करण्याला जोर आला.

पण पुढचं वर्ष पाहा. २०२४ मध्ये हाच आकडा ३ कोटी ५० लाखांवर आला, म्हणजे एका वर्षात साधारण एक तृतीयांश घट. पहिलं स्वस्त घड्याळ घेतलेल्या अनेकांना दुसरं घ्यावंसं वाटलं नाही, कारण नव्यात नवं फारसं काही नव्हतं. इथे आजोबांचा मुद्दा येतो. आणखी एक लक्षात ठेवा. हे आकडे कंपन्यांनी बाजारात पाठवलेल्या मालाचे असतात, मनगटावर चढलेल्या घड्याळांचे नसतात. माल पाठवला पण खपला नाही, तर गोदामं भरतात आणि सवलतींचा पाऊस पडतो. म्हणून "आज रात्री बारापर्यंतच" हे शब्द वाचले की मनाशी म्हणा, घाई बहुधा विकणाऱ्याला आहे, मला नाही.

दुकानदार काकांचा प्रश्न कायद्याचा आहे. आपल्याकडे स्वस्त विकणं हा गुन्हा नाही. पण ज्याची बाजारावर पकड आहे त्याने स्पर्धकाला बाहेर काढण्यासाठी खर्चापेक्षा कमी भावात विकलं, तर २००२ चा स्पर्धा कायदा त्याला आक्षेप घेतो. दिल्लीतल्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने १३ जानेवारी २०२० रोजी अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. ती तक्रार मुख्यतः मोबाइल फोनबद्दल होती: ठरावीक मॉडेल एकाच ठिकाणी मिळणं, काही विक्रेत्यांना झुकतं माप आणि मोठ्या सवलती. कंपन्या आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयात गेल्या. जून २०२१ मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही चौकशी थांबवली नाही. यातली फ्लिपकार्ट २००७ मध्ये आपल्या शेजारच्या कोरमंगलात सुरू झाली. म्हणजे हा वाद आपल्या गल्लीतलाच आहे.

गिऱ्हाईक म्हणून आपला त्यात संबंध काय? आज कोपऱ्यावरचं दुकान बंद पडलं, तर उद्या पट्टा बदलायला आणि तक्रार करायला समोर माणूस नसतो. हा खर्च किमतीत दिसत नाही, पण तो आपल्यालाच येतो.

काट मारलेला आकडा

आता किंमत वाचायला शिकू. पडद्यावर ७,९९९ वर काट मारलेली असते आणि शेजारी १,४९९. खाली लिहिलेलं असतं, ८१ टक्के सूट. आपल्याला वाटतं, साडेसहा हजार वाचले.

एमआरपी म्हणजे कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. हा आकडा कंपनीच ठरवते. तो उत्पादन खर्चाच्या किती पट असावा, याला घड्याळाच्या बाबतीत कायद्याची मर्यादा नाही. म्हणजे मोजपट्टी ज्याच्या हातात, सूटही त्याच्याच हातात. वाचलेल्या रकमेकडे पाहू नका. खिशातून जाणाऱ्या १,४९९ कडे पाहा आणि विचारा, काट नसती तर ही वस्तू मी या भावाला घेतली असती का?

"फक्त दोन नग शिल्लक", पळणारं घड्याळ, शेवटच्या पानावर अचानक वाढणारे शुल्क, न मागता टोपलीत शिरलेला विमा. या क्लृप्त्यांना सरकारनेही नाव दिलं आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ फसव्या पद्धतींची यादी जाहीर करून त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणं त्या यादीत अगदी पहिलं आहे.

महागड्या घड्याळांचा हिशेब वेगळा असतो. अ‍ॅपलचं घड्याळ फक्त आयफोनबरोबर चालतं. म्हणजे घड्याळ घेतलं की पुढचा फोनही ठरल्यासारखाच. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने अ‍ॅपलवर मक्तेदारीचा जो खटला भरला, त्यात हा मुद्दाही आहे. तेव्हा घेण्याआधी विचारा: उद्या मी दुसऱ्या कंपनीचा फोन घेतला, तर हे चालेल का?

बिनव्याजी हप्त्याचं व्याज

ताईंना मी विचारलं, "आरडी मोडण्याऐवजी हप्त्यावर घ्यायचा विचार केला होता का?" त्या म्हणाल्या, "एका ॲपवर दाखवत होतं. सहा महिने हजार-हजार, व्याज शून्य."

कागद घ्या. घड्याळाची किंमत ६,०००. रोख दिले तर ५०० रुपये सूट, म्हणजे ५,५००. हप्त्याने घेतलं तर ती सूट नाही, शिवाय प्रक्रिया शुल्क १९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २३५ रुपये. हप्त्याने जातात ६,२३५. रोखीने ५,५००. फरक ७३५.

सातशे पस्तीस फार वाटत नाहीत. पण तुम्हाला पूर्ण रक्कम सहा महिने वापरायला मिळालेली नाही. दर महिन्याला तुम्ही ती फेडत आला आहात. शुल्क पहिल्याच दिवशी दिलं असं धरून हिशेब केला, तर हा दर वर्षाला सुमारे ४६ टक्के पडतो. "शून्य टक्के" असं लिहिलेल्या कर्जाचा! रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नाही. व्याज कुठेतरी लपवलेलं असतं, कधी शुल्कात, कधी गमावलेल्या सवलतीत.

आणि हप्त्याच्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल, तर बँकेचा वेगळा आकार, कर्ज देणाऱ्याचा वेगळा दंड, आणि पतमापनावर डाग. सहा हजारांच्या घड्याळाचा थकलेला हप्ता उद्या घराच्या किंवा शिक्षणाच्या कर्जाच्या वेळी समोर येतो. असे अर्ज मी पाहिले आहेत. अर्जदाराला तो हप्ता आठवतही नसतो.

आता उलट बाजू. हेच हजार रुपये सहा महिने साडेसहा टक्क्यांच्या आरडीत ठेवले, तर ६,००० वर साधारण ११४ रुपये व्याज मिळतं. म्हणजे सहा महिने थांबण्याची किंमत शून्य आणि कमाई साडेआठशेच्या घरात: ७३५ वाचले, ११४ मिळाले.

म्हणून छोट्या कर्जाआधी "प्रमुख तथ्य विवरण" मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ मुदत कर्जांसाठी ते देणं बंधनकारक आहे. सगळे शुल्क धरून वार्षिक दर किती, हे त्यात एका आकड्यात लिहिलेलं असतं. क्रेडिट कार्डावरच्या हप्त्याला हा नियम लागू नाही, तिथे वर केला तसा हिशेब स्वतः करा.

माझी स्वतःची चूक

इतकं शहाणपण सांगणाऱ्या बाईने काय केलं, तेही ऐका. मी एम.कॉम., बँकेत अधिकारी. बाबांच्या साठीला निपाणीला एक स्मार्टवॉच पाठवलं, १,७९९ रुपयांचं. कंपनीचं नाव घेत नाही. डब्यावर लिहिलं होतं, हृदयाचे ठोके, ऑक्सिजन, रक्तदाब, सगळं मोजतं. एवढ्या कमी पैशात एवढं सगळं, म्हणून मी खूश होते.

बाबांना रक्तदाबाची गोळी चालू होती. घड्याळ रोज सकाळी १२० आणि ८० च्या आसपास दाखवायचं. बाबांनी महिनाभरात ठरवलं, आता गोळीची गरज नाही. आम्हाला कोणाला सांगितलं नाही. एके दिवशी चक्कर आली म्हणून शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांच्या यंत्रात दाब १८० च्या वर होता. मनगटावरच्या घड्याळात तेव्हाही १२० च होता.

बाबा वाचले, आज ठणठणीत आहेत. मी तो डबा शोधून माहितीपत्रक वाचलं. अगदी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "हे वैद्यकीय उपकरण नाही." मी कर्जाचे शंभर पानी कागद वाचते, पण ते एक पान वाचलं नव्हतं.

भाव खाली आणण्याच्या शर्यतीत काय कापलं जातं, ते गिऱ्हाइकाला दुकानात दिसत नाही. पडदा चमकतोच, कमी होते ती आतली अचूकता. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना सावध केलं की सुई न टोचता रक्तातली साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका. तेव्हा पावलं मोजा, फोन आला की बघा, चालायची आठवण करून घ्या. औषधाचा निर्णय मात्र डॉक्टरांचा. बाबांसाठी मी आता दंडाला पट्टा बांधून मोजायचं यंत्र घेतलं आहे.

घेण्याआधी आणि घेतल्यावर

पाच प्रश्न लिहून ठेवा.

१. काट मारलेला आकडा झाकला, तर ही वस्तू या भावाला मला हवी आहे का?
२. माझ्या शहरात दुरुस्ती कुठे होते? पट्टा आणि चार्जर वेगळे मिळतात का?
३. सगळे शुल्क धरून एकूण किती रुपये जाणार?
४. हे पैसे कोणत्या कामासाठी ठेवले होते?
५. महिनाभर थांबलो तर काय बिघडेल?

घेतल्यावर बिल आणि हमीपत्राचा फोटो जपून ठेवा. ऑनलाइन वस्तूवर विक्रेत्याचं नाव आणि वस्तू कोणत्या देशात बनली हे दिसलंच पाहिजे. बिघाड झाला तर आधी त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. ते झालं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लावा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत दोन वर्षांची. म्हणजे वस्तू निपाणीला घेतली आणि तुम्ही इथे राहत असाल, तरी तक्रार इथे चालते.

त्या ताईंचं काय झालं

ताईंना मी खरं ते सांगितलं. आरडी मोडलीत तर तुमचे आठ हजार कुठे जात नाहीत, व्याज थोडं कमी मिळेल एवढंच. पण जूनमध्ये फी भरायची असेल तेव्हा ते पैसे मुलाच्या मनगटावर असतील. निर्णय तुमचा.

त्या बराच वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "आज राहू द्या. उद्या येते." दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पण आरडी मोडायला नाही. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. ऑफर तशीच होती, भाव तोच, आणि पळणारे आकडे पुन्हा नव्याने सुरू झाले होते. त्या हसल्या. म्हणाल्या, "मुलाला दाखवलं हे. तोच म्हणाला, आई, हे खोटं आहे."

पुढच्या महिन्यात मायलेकांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून तेराशे रुपयांचं घड्याळ घेतलं, रोखीने, पगारातून. दोन महिन्यांत पट्टा सैल झाला. दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने बदलून मिळाला. आरडी मुदतीला पूर्ण झाली आणि जूनमध्ये मुलीची फी त्यातून भरली गेली. पावती दाखवायला ताई शाखेत आल्या होत्या. मुलगाही बरोबर होता. त्याला मी विचारलं, घड्याळ कसं चालतंय? तो म्हणाला, "वेळ बरोबर दाखवतं, मॅडम. बाकीचं कधी कधी."

तुमच्यापैकी कोणाच्या मोबाइलवर आत्ता अशी एखादी ऑफर उघडी असेल, तर तो मोबाइल आणि कागद-पेन घेऊन शाखेत या. आपण बसून हिशेब करू. त्यानंतर घ्यायचं ठरलं तर खुशाल घ्या.